अकरा वेळा बुडालेलं जहाज

पुस्तकं लपवायची तर ती अशा ठिकाणी लपवावीत, जिथे बायको स्वतःच त्यांची राखण करील, असा निर्णय यादवराव खोडे यांनी संक्रांतीच्या आदल्या दिवशी घेतला. निर्णय तसा बिनतोड होता. (यादवरावांचे सगळेच निर्णय बिनतोड असतात, तुटतं ते दुसरंच काहीतरी.)

गोष्ट शहाण्णव सालची. यादवराव तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात टूल स्टोअर सांभाळायचे. ड्रिल, टॅप, गेज, कटर, सगळं त्यांच्या ताब्यात. बावीस वर्षं नोकरी झाली होती. कारखान्याचा मालक बदलला, मॅनेजर चार बदलले, पण स्टोअरच्या चाव्यांचा जुडगा यादवरावांच्या कमरेवरून हलला नाही. पहिली पाळी संपली की तो जुडगा स्वतःच्या हाताने गेटवरच्या खिळ्याला अडकवायचा, वॉचमनकडून वहीत सही घ्यायची आणि मगच घरी जायचं, हा त्यांचा नेम. सत्यनारायण चुकेल, पण खिळा चुकायचा नाही.

अशा सरळ माणसाला टायटॅनिकचा नाद लागला तो देवळाली कॅम्पात. लेकीसाठी, म्हणजे भाग्यश्रीसाठी, जुनी सायकल बघायला म्हणून ते दत्तू रद्दीवाल्याकडे गेले होते. कॅम्पातल्या साहेबलोकांच्या बदल्या झाल्या की जे नेता येत नाही ते सगळं दत्तूकडे येतं. त्या ढिगात एक भलंमोठं इंग्रजी पुस्तक होतं. यादवरावांनी सहज उघडलं, तर दोन पानं भरून ते जहाज मधोमध कापून दाखवलेलं! बॉयलर, कोळसा, जिने, खोल्या, आणि खाली एका कोपऱ्यात चक्क स्टोअररूम. रॅक होते. रॅकवर माल नीट लावलेला होता. यादवराव तिथेच उकिडवे बसले ते दुकान बंद होईपर्यंत. सायकल राहिली, पुस्तक घरी आलं.

पुढच्या सहा वर्षांत अशी अकरा पुस्तकं झाली. सगळी चित्रांची, कारण यादवरावांचं इंग्रजी म्हणजे पार्ट नंबर आणि 'धिस साइड अप'. चित्राखालचा मजकूर भाग्यश्री वाचून दाखवायची. चौथ्या पुस्तकात तिने एक भानगड वाचून दाखवली. जहाजावर टेहळणी करणाऱ्यांच्या दुर्बिणी कपाटात कुलूपबंद राहिल्या होत्या. का? तर एका अधिकाऱ्याची ऐन वेळी दुसऱ्या जहाजावर बदली झाली आणि तो कपाटाची चावी खिशात घेऊन निघून गेला.

यादवरावांना तीन दिवस जेवण गेलं नाही.

"चावी जमा केली नाही? खिशात घालून गेला? आणि दीड हजार माणसं पाण्यात! माझ्या हाताखाली असता ना, तर पहिल्या दिवशी गेटाबाहेर काढला असता!"

तेव्हापासून कारखान्यात नवा माणूस आला की यादवराव त्याला स्टोअरच्या खिडकीपाशी उभं करून हे चावीचं व्याख्यान द्यायचे. पाऊण तास. मागे माणसं ड्रिलसाठी ताटकळत. त्यावरून त्यांना 'कप्तान' असं नावच पडलं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना मनातून आवडायचं.

घरी मात्र कप्तानाला कोणी विचारत नव्हतं.

"एक जहाज. एकदाच बुडालं. त्याची अकरा पुस्तकं कशाला लागतात हो माणसाला?" संध्याबाईंचा हा प्रश्न होता. संध्याबाई म्हणजे यादवरावांची पत्नी, आणि पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांच्या सर्वाधिकारी.

यादवरावांचं मागणं एवढंसं होतं. बाहेरच्या खोलीतल्या शोकेसची मधली फळी. तिथे अकरा पुस्तकं उभी लावायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी. पण त्या फळीवर संध्याबाईंच्या भावाने दिलेला प्लॅस्टिकचा हंस होता, मामीने आग्र्याहून आणलेला ताजमहाल होता आणि शिंपल्यांची एक बाहुली होती, जिचं डोकं आणि दोन्ही हात केव्हाच गळून पडले होते.

"बुडालेलं जहाज दर्शनी मांडायचं? अवलक्षण ते!" संध्याबाई म्हणायच्या. त्यांच्याकडे पुरावेही होते. तिसरं पुस्तक आलं त्या आठवड्यात मिक्सर जळला. नववं आलं आणि भाग्यश्रीचा फर्स्टक्लास दोन मार्कांनी हुकला. अकरावं आलं आणि गच्चीवरची टाकी फुटली. "बघा, पाणीच आलं की नाही घरात!"

टाकी गंजली होती, असं यादवराव म्हणाले. टाकी आधीच्या दहा पुस्तकांनी गंजली होती, असं संध्याबाई म्हणाल्या. आणि संक्रांतीच्या आत ती ब्याद घराबाहेर गेली पाहिजे, नाहीतर मीच भंगारात घालते, असा हुकूम सुटला.

तर तो बिनतोड निर्णय.

संध्याबाईंचा धाकटा भाऊ कारभारी. निफाडजवळ त्याची तीन एकर द्राक्षबाग. द्राक्षाच्या पेटीत खाली-वर कागद घालावा लागतो, आणि तो कागद वर्षभर खोडे यांच्या घरात जमायचा. स्वतःचे पेपर, शेजारच्यांचे पेपर, जिन्यात सापडलेले पेपर, सगळ्याचे सारखे गठ्ठे करून, सुतळीने बांधून पलंगाखाली. त्या रद्दीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. एकदा यादवरावांनी स्कूटरचा प्लग पुसायला त्यातला एक कागद ओढला, तर दोन दिवस त्यांना आमटीत फोडणी मिळाली नाही. माझ्या भावाची रद्दी! बँकेतल्या लॉकरची काय बिशाद!

संध्याबाई हळदीकुंकवाचं सामान आणायला गेल्या तेवढ्यात यादवरावांनी एकेक पुस्तक दोन-दोन पेपरांत गुंडाळलं, वर-खाली रद्दी लावली, सुतळी मारली आणि अकरा गठ्ठे पलंगाखाली सरकवले. (पॅकिंग अव्वल होतं. स्टोअरवाल्याचा हात.) कारभारीची बाग फेब्रुवारी अर्धा सरल्याशिवाय उतरत नाही. तोवर महिना हाताशी होता. महिन्यात काही ना काही जागा सापडलीच असती.

"टाकून दिली," संध्याकाळी त्यांनी पडलेल्या चेहऱ्याने सांगितलं.

"खरंच?" संध्याबाईंचा जीव चुकचुकला. वाईट वाटून त्यांनी दुसऱ्या दिवशी गुळपोळीवर तुपाची वाटीच पालथी केली. यादवरावांनी दुःखी चेहरा न बदलता चार पोळ्या खाल्ल्या. पाचवी खाल्ली असती, पण मग दुःख खरं वाटलं नसतं.

आणि त्या वर्षी थंडी लवकर पळाली. बागेला गोडी भरली ती तीन आठवडे आधीच.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी साडेबाराला, गेटवरचा वॉचमन भिका स्टोअरच्या खिडकीशी आला. "कप्तान, तुमचा डबा. घरी विसरला होतात म्हणे. मेव्हणे देऊन गेले. टेम्पो होता त्यांचा."

"कारभारी? आज इकडे कुठे?"

"औषध घ्यायला आले होते सातपुरात. निरोप दिलाय तुम्हाला. 'दाजींना सांगा, सकाळी आक्कानं रद्दी दिली. यंदाची रद्दी लय जड हाय, दोघं लागलो उचलायला.'"

यादवरावांच्या हातातून डबा पडला. भेंडीची भाजी स्टोअरभर झाली. त्यांनी हाफ-डेचा पास स्वतःच फाडला, साहेबाची सही घेतली, स्टोअरला कुलूप ठोकलं आणि स्कूटरला अशी किक मारली की भिका बाजूला उडाला.

घरी येऊन सरळ पलंगाखाली. तिथे एक चप्पल आणि उंदराचा पिंजरा, रद्दीचं नाव नाही.

"काय शोधताय?" वरून आवाज आला.

"काही नाही. पेन."

"पलंगाखाली? आणि कारखाना लवकर सुटला का?"

"हाफ डे टाकला. म्हटलं, कारभारीकडे जाऊन यावं. सहज. आठवण आली."

संध्याबाईंनी पळी खाली ठेवली. वीस वर्षांच्या संसारात यादवरावांना मेव्हण्याची आठवण आली, असं झालं नव्हतं. "काय झालं माझ्या भावाला? खरं सांगा! टेम्पो उलटला का?"

"अगं काही नाही झालं!"

"मग तुमचं तोंड असं का? थांबा, मी पण येते."

झालं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. पुस्तकं गेली म्हणून ओरडायचं, तर ती तर पंधरा दिवसांपूर्वीच 'टाकून दिलेली'! चांदोरीपर्यंत संध्याबाई मागच्या सीटवरून विचारत होत्या आणि यादवराव, वाऱ्यामुळे ऐकू येत नाही, अशी मान हलवत होते. कमरेला काहीतरी खळखळ वाजत होतं, पण त्यांचं चित्त होतं अकरा गठ्ठ्यांत.

बागेत शेडखाली सात-आठ बाया कात्र्या घेऊन बसल्या होत्या. घडातले खराब मणी काढायचे, पेटीत कागद घालायचा, घड मांडायचे. त्यांची म्होरकी रंगूबाई. तिच्या मांडीवर सातवं पुस्तक होतं आणि ती त्याची पानं केळं सोलावं तशी सोलत होती.

"यंदाचा कागद लय भारी धाडला वो पाव्हणं," ती म्हणाली. "चकचकीत. फाटत नाय, भिजत नाय. येक जहाजाचं चित्तर खाली, येक वर. पेटी कशी इंग्लिश दिसती!"

यादवरावांनी पहिल्या पेटीत हात घातला. घडाखाली जहाज बंदरातून निघत होतं. दुसऱ्या पेटीत जहाजावरची मंडळी जेवायला बसली होती. तिसऱ्यात हिमनग, त्यावर थॉमसन द्राक्षांचे हिरवेगार घड.

"दाजी, दाजी! काय करताय?" कारभारी धावत आला. "देठाला धरा! मण्याला बोट नका लावू, माल खराब होतो!"

तोवर संध्याबाईंनी एक पान उचललं होतं. त्या बघत राहिल्या. "हे जहाज..." त्या म्हणाल्या, आणि शेडमधल्या सगळ्या कात्र्या थांबल्या. "तुम्ही तर टाकून दिली होती ना?"

आता इथे दुसरा कोणी असता, तर म्हणाला असता, कोणाची तरी दुसऱ्याची असतील. यादवरावांच्या मनातही ते आलं. पण तेवढ्यात बाहेर टेम्पो सुरू झाला. चाळीस पेट्या भरून तयार होत्या. पिंपळगावला दिल्लीचा ट्रक उभा होता आणि पेट्यांत पुस्तकं निघाली होती. यादवराव धावले, टेम्पोवर चढले, आणि पेट्यांच्या रचाईवर मांडी घालून बसले.

"नाही टाकली!" ते ओरडले. "लपवली! तुझ्या भावाच्या रद्दीत लपवली, कारण त्या घरात तेवढी एकच जागा आहे, जिथे माझं काही सुरक्षित राहील असं वाटलं मला!"

"अहो, खाली या, बायका बघतायत..."

"बघू देत! बावीस वर्षं दुसऱ्याचा माल सांभाळतोय मी. त्यातला एक खिळा माझा नाही. घरी येतो, तर शोकेसमध्ये कारभारीचा हंस, मामीचा ताजमहाल, आणि ती बिनडोक्याची बाहुली. माझं काय आहे त्या घरात? टूथब्रश! तोही गेल्या महिन्यात दागिने घासायला घेतलास तू! एक फळी मागतोय मी. घर नाही मागत, दार नाही मागत. एक फळी!"

"दाजी, उतरा वो," कारभारी हात जोडून म्हणाला, "माल तापतोय. ट्रक जाईल."

"जाऊ दे! कप्तान जहाज सोडत नसतो!"

"पर ते जहाज तर बुडालं ना वो?" रंगूबाईने मनापासून विचारलं.

"बुडालं तरी सोडलं नाही!" यादवराव गरजले. त्यांनी कमरेचा जुडगा उपसला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "ह्या चाव्या बघा! बावीस वर्षांत एक दिवस एक चावी इकडची तिकडे झाली नाही! असा माणूस आहे मी! आणि मला म्हणतात अवलक्षण!" आणि त्यांनी तो जुडगा दाणकन एका उघड्या पेटीवर आपटला.

शेडमध्ये कोणी हसलं नाही. यादवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायचं सोडून ते समोर रोखून बघत होते.

संध्याबाईंनी हातातल्या पानाची घडी सरळ केली.

"एवढं होतं, तर सांगायचं ना."

"सहा वर्षं सांगतोय."

त्यावर त्या गप्प झाल्या. (ही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट.) मग त्यांनी पदर खोचला. "कारभारी, पेट्या उतरव."

"आक्का! ट्रक..."

"तुझ्या त्या हंसाला मी सहा वर्षं जागा दिली. तू माझ्या नवऱ्याला एक तास दे."

उतरल्या पेट्या. बाया बसल्या, कारभारी बसला, टेम्पोवालासुद्धा बसला. घड देठाला धरून बाजूला ठेवायचा, चकचकीत पान काढायचं, साधा पेपर घालायचा. संध्याबाई शेडच्या खांबाला टेकून पानं लावत होत्या. काही फाटली होती, काहींना द्राक्षाचा रस लागला होता, हिमनग जरा हिरवट झाला होता, पण पानं सापडत होती. एका चित्राशी त्या बराच वेळ थांबल्या.

"हे काय हो? जहाजावरचं स्वयंपाकघर?"

"हो."

"अगं बाई, ओटा केवढा!" त्या म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून बघू लागल्या. यादवराव सरकून शेजारी बसले आणि कोळसा कुठून यायचा ते बोटाने दाखवू लागले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं कोणी एवढं ऐकून घेतलं होतं.

ट्रकवाल्याने शिव्या देत का होईना, पण वाट पाहिली. टेम्पो पेट्या घेऊन गेला आणि दिवस मावळता मावळता स्कूटर नाशिककडे निघाली. मागे संध्याबाई, त्यांच्या मांडीवर कारभारीच्या जुन्या धोतरात बांधलेली अकरा पुस्तकं.

"मधली फळी घ्या," आडगाव नाक्याशी त्या म्हणाल्या. "हंस खाली ठेवू. बाहुली द्या टाकून."

यादवरावांनी त्या दिवशी नाक्यापासून घरापर्यंत विनाकारण हॉर्न वाजवला. जिंकलो! बावीस वर्षांत कारखान्यात आणि वीस वर्षांत घरात पहिल्यांदाच जिंकलो! आता जगाच्या पाठीवर कोणी त्यांना काही म्हणू शकत नव्हतं.

घराच्या पायरीवर तीन माणसं बसली होती. भाग्यश्री त्यांना तिसऱ्यांदा चहा देत होती. एक भिका वॉचमन. दुसरा दुसऱ्या पाळीचा स्टोअरकीपर ओम. तिसरे खुद्द कारखान्याचे सुपरवायझर.

"या कप्तान," सुपरवायझर म्हणाले. आवाज भलताच गोड होता. "चावी द्या."

"कसली चावी?"

"स्टोअरची. साडेतीनपासून साठ माणसं कँटीनमध्ये बसलीत. ना ड्रिल, ना कटर. गेटवरच्या खिळ्याला काही नाही. तीनदा येऊन गेला हा ओम, तुमच्या दाराला कुलूप. पोरगी आली तेव्हा कुठे उघडलं."

यादवरावांचा हात कमरेवर गेला. डाव्या बाजूला नव्हता. उजव्या बाजूला नव्हता. मग त्यांना ती उघडी पेटी आठवली, तो दाणकन आवाज आठवला. जुडगा घडात रुतला असणार, आणि घड तर देठाला धरूनच उचलले होते. पेटी नंतर बंद झाली होती. वर साधा पेपर घालून, खिळे मारून. अगदी अव्वल पॅकिंग.

"चावी..." ते म्हणाले, "दिल्लीला गेली."

भाग्यश्रीने आईच्या हातातलं बोचकं घेतलं, सोडलं, चौथं पुस्तक काढलं आणि रसाचा डाग पडलेलं एक पान उघडून बापापुढे धरलं.

"बाबा, तो चावी खिशात घालून गेलेला माणूस, तो ह्याच पानावर आहे ना?"

"राहू दे गं," संध्याबाई म्हणाल्या. "आता बाराव्या पुस्तकात ह्यांचं चित्र येईल."

कुलूप रात्रपाळीने कापलं. यादवरावांना मेमो मिळाला, आणि त्यांनी त्याला जे उत्तर लिहिलं त्यातही ते वाकले नाहीत. 'चावी गेली हे मान्य,' त्यांनी लिहिलं, 'पण एकही माणूस बुडालेला नाही, याची नोंद घ्यावी.' नोंद घेतली गेली आणि दोन दिवसांचा पगारही घेतला गेला. पुस्तकं मात्र मधल्या फळीवर उभी राहिली. एप्रिलपर्यंत त्यांना मुंग्या लागत होत्या, पण राहिली.

आणि सातपूरला त्या स्टोअरच्या खिडकीशी नव्या माणसाला चावीचं व्याख्यान द्यायची पद्धत अजूनही चालू आहे. आता ते ओम देतो, आणि पाच मिनिटांत संपवतो. त्यात जहाज येत नाही, दुर्बिणी येत नाहीत. द्राक्षं येतात.